काय पडलं?

आमच्या घरात भांडं पडलं की त्याचा आवाज विरायच्या आत आतल्या खोलीतून प्रश्न येतो, ‘काय पडलं?’ लग्नाला २१ वर्षं झाली. प्रश्न तोच, सूर तोच. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, विचारण्यात राग असतो असं नाही, नुसती चौकशी असते. पण चौकशीला उत्तर द्यावं लागतं. झाकण पडलं. पळी पडली. काही नाही हो, वाटी होती. स्टीलची वाटी पडून फुटत नाही हे दोघींनाही ठाऊक, तरी दर वेळी मी जराशी ओशाळते. माहेरीही हेच होतं, फक्त तिथे ‘काय पाडलंस?’ असा प्रश्न यायचा, म्हणजे कर्त्यासकट.

त्यामुळे झेलणं मला छान जमतं. निसटलेला डबा गुडघ्यावर घ्यायचा, कलंडलेली बरणी कोपराने अडवायची, पोळपाट ओट्यावरून सरकला तर पोटाने दाबून धरायचा. एकदा सांडशीतून चहाचं पातेलं सुटलं, ते मी दुसऱ्या हाताने धरलं. हात भाजला, चहा वाचला. पाहुणे म्हणाले, ‘अरे वा!’

अशा बाईला ४२व्या वर्षी वेटलिफ्टिंगच्या सरांनी पहिला धडा दिला तो वस्तू पाडायचा.

तिथवर कशी पोचले ते आधी सांगते. तीन वर्षांपूर्वीचा पावसाळा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं आणि सकाळपासून सगळ्या ग्रुपांवर एकच व्हिडिओ फिरत होता, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याचा. आम्हा नाशिककरांना पूर आकड्यांत कळत नाही, मारुतीच्या अंगावर कळतो. गुडघा, कंबर, छाती. मी तो व्हिडिओ बघत होते तेवढ्यात बाथरूममधून आवाज आला. या वेळी ‘काय पडलं?’ विचारायला कुणी नव्हतं, कारण पडल्या होत्या त्या आईच.

हाड मोडलं नव्हतं, पण उठता येईना. ओल्या फरशीवर त्या बसलेल्या, साडी अर्धवट नेसलेली. मी बगलेत हात घालून ओढलं, कमरेला विळखा घालून ओढलं. पाय सरकत होते, त्यांचेही आणि माझेही. त्यांचं वजन ५४ किलो. मी त्यांना वीतभरही वर उचलू शकले नाही. ‘राहू दे, तुझी कंबर जाईल,’ हे त्याच मला सांगत होत्या. नवरा पुण्याला, मुलगा कॉलेजात. शेवटी खाली पाण्याचा जार द्यायला आलेल्या मुलाला हाक मारली. विशीतला पोरगा. त्याने चपला दाराबाहेर काढल्या, एक हात पाठीशी, एक गुडघ्यांमागे घातला आणि आईंना उचलून पलंगावर आणून ठेवलं. वीस सेकंदं लागली असतील. फार अदबीने केलं त्याने, अजूनही दिसला की मी त्याला चहा विचारते. पण आईंनी ओला पदर छातीशी मुठीत धरला होता आणि डोळे गच्च मिटले होते. ती मूठ मला अजून दिसते.

नंतर डॉक्टरांनी त्यांच्या हाडांची घनता तपासली, गोळ्या दिल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, ‘तुम्ही काय व्यायाम करता?’ मी म्हटलं, रोज कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालते. ते म्हणाले, चाला, पण पाळी गेल्यावर बाईची हाडं झपाट्याने झिजतात आणि हाडाला भार दिला तर ते टिकायला मदत होते. तुमच्या हातात अजून काही वर्षं आहेत. वजनं उचला.

मी आधी एका चकचकीत जिममध्ये गेले. फॉर्मवर पहिला रकाना ‘किती किलो कमी करायचे?’ हा होता. मी रेघ मारली, तर काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघून स्वतःच १० लिहिलं. मग ट्रेडमिल आणि दोन-दोन किलोचे गुलाबी डंबेल्स. आमच्या घरचं दळण १० किलोचं असतं, ते गिरणीतून दुसऱ्या मजल्यावर मीच आणते. दीड महिन्यात सोडलं. वर्षाची फी परत मिळत नाही, ती मिळाली नाही.

मग पतसंस्थेतल्या मैत्रिणीने सिडकोतल्या एका पत्र्याच्या शेडचा पत्ता दिला. तिची मुलगी तिथे जायची. आरसा नाही, गाणी नाहीत. मारुतीची तसबीर, उदबत्तीचा वास, लाकडी फळ्यांचे दोन प्लॅटफॉर्म आणि भिंतीला टेकवलेली रंगीत रबरी चाकं. सर अंबडच्या एका कंपनीत कामाला आहेत. पहिली पाळी असली की संध्याकाळी शिकवतात, दुसरी असली की सकाळी. त्यामुळे तिथे शिकणाऱ्यांचं घड्याळ कंपनीच्या भोंग्यावर चालतं. माझ्याखेरीज तेव्हा १४ जण होते, बहुतेक शाळा-कॉलेजातले. मनमाडच्या मुलींनी राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांत इतकी पदकं आणली आहेत की आमच्या जिल्ह्यात आता आईबाप मुलीला वेटलिफ्टिंगला घालताना फारसे कचरत नाहीत. काकूंना घालायची पद्धत मात्र अजून आलेली नाही.

पहिले पंधरा दिवस हातात प्लंबरकडचा प्लास्टिकचा पाइप. मग बार, म्हणजे चाकं अडकवायची लोखंडी दांडी. बायकांचा बार १५ किलोचा असतो, पुरुषांचा २०चा, हे मला माहीत नव्हतं. शिवाय बायकांचा बारीक असतो, २५ मिलिमीटर, पुरुषांचा २८. तीन मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण या खेळात बार धरताना अंगठा आधी घालायचा आणि त्यावर बोटं आवळायची, हूक ग्रिप म्हणतात तिला. पुरुषांच्या बारवर माझी बोटं अंगठ्यापर्यंत नीट पोचतच नाहीत. या बारवर पोचली. कुणीतरी बाईच्या मुठीचा विचार करून लोखंड ओतलं होतं, याचं मला फार अप्रूप वाटलं. आमचा ओटा आजही मला दोन इंच उंच पडतो.

तर तो पहिला धडा. बारला दोन्हीकडे पाच-पाच किलोची जाड रबरी चाकं लावली होती. सर म्हणाले, ‘ताई, आता डोक्यावर घ्या आणि सोडा.’

‘कुठे?’

‘खाली.’

‘हळूच?’

‘हळूच नाही. सोडा.’

मी बार छातीवर घेतला, मग मांडीवर, मग वाकून जमिनीवर टेकवला. पोरं हसायला लागली. सर म्हणाले, ‘बाळ ठेवताय का पाळण्यात?’ आणि मग त्यांनी नीट समजावलं. बार पुढे कलला तर पुढे लोटायचा आणि आपण मागे सरायचं. डोक्यावरून मागे जायला लागला तर हात सोडायचे आणि पुढे उडी मारायची. जाणाऱ्या बारला धरून राहिलं की मनगट, कोपर, खांदा यांपैकी एक जातं. ‘बार गेला तर जाऊ द्या. बार व्यायामशाळेचा आहे, खांदा तुमचा आहे.’

सोडला. २५ किलो माझ्या उंचीवरून खाली आलं. पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज कसा होतो ते लिहून सांगता येणार नाही. पायाखालच्या फळ्या हलल्या, बार एकदा उसळला, गडगडत जाऊन थांबला. आणि माझ्या तोंडून मोठ्याने ‘सॉरी’ गेलं.

शेजारच्या प्लॅटफॉर्मवर दहावीतली एक मुलगी पायांना पट्ट्या बांधत होती. तिने मान वर केली. ‘काकू, सॉरी कुणाला?’

मी खरंच इकडेतिकडे बघत होते.

पुढचे तीन-चार महिने मी उचलायला शिकले त्यापेक्षा जास्त पाडायला शिकले. सर मुद्दाम म्हणायचे, हा पाडा. चांगला डोक्यावर स्थिर झालेला बारही पाडा. माझे हात ऐकत नसत. बार निघाला की शरीर त्याच्यामागे जाई, चहाच्या पातेल्यामागे गेलं होतं तसं. एकदा मनगट मुरगळलं ते याच पायी. पंधरा दिवस पोळ्या नवऱ्याने लाटल्या. त्या कशा होत्या हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती सांगून टाकते. दोन बाळंतपणं झालेल्या बाईने श्वास रोखून, पोट आवळून जड वजन उचललं की थोडी लघवी होऊ शकते. मला झाली. काळी पॅन्ट होती म्हणून निभावलं. आठवडाभर मी शेडकडे फिरकले नाही, थंडीचं कारण सांगितलं. मग त्याच मैत्रिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘मला तर शिंकतानाही होतं, दहा वर्षं झाली.’ दहा वर्षं ती शिंका दाबते आहे! फिजिओथेरपिस्टकडे गेले. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, तीन महिने नेमाने केले, बराच फरक पडला. मैत्रिणीलाही घेऊन गेले. एवढं साधं होतं.

मंगळसूत्राचंही असंच. क्लीनमध्ये, म्हणजे वजन जमिनीवरून खांद्यांपर्यंत घेताना, बार गळ्याशी, खांद्यांच्या पुढच्या मांसावर येऊन बसतो. पहिल्यांदा बसला तेव्हा काळे मणी त्याच्याखाली सापडले. घरी आरशात पाहिलं तर गळपट्टीच्या हाडावर मण्यांची एक रांग उमटली होती, लालसर, मोजता येईल अशी. नऊ. दुसऱ्या दिवसापासून काढून ठेवायला लागले. आईंना ते दिसणार हे माहीत होतं. दिसलं. दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी निघताना म्हणाल्या, ‘पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवत जा. त्याची चेन लावत जा.’

बाहेर सगळे समजतात मी वजन कमी करायला जाते. भिशीत एकीने विचारलं, किती झालं? माझ्या डोक्यात स्क्वॉट होते, म्हणजे खांद्यावर बार घेऊन मारायच्या बैठका. मी खुशीत म्हटलं, ‘साठ झालं!’

‘अगंबाई, वाढलं की.’

‘हो ना, मागच्या महिन्यात पंचावन्नच होतं.’

तिने थायरॉइड तपासून घ्यायला सांगितलं.

कर्णम मल्लेश्वरीला सिडनीत कांस्यपदक मिळालं तेव्हा मी कॉलेजात होते. १९ सप्टेंबर २०००. त्या ऑलिंपिकमधलं भारताचं ते एकमेव पदक आणि भारतीय बाईचं ऑलिंपिकमधलं पहिलं. पुरुषांचं वेटलिफ्टिंग १८९६च्या पहिल्याच ऑलिंपिकात होतं, बायकांना २००० साल उजाडावं लागलं. पेपरातला फोटो आठवतो, पण मल्लेश्वरीने शेवटी काय केलं होतं ते मला सरांकडून आत्ता कळलं. स्नॅच, म्हणजे जमिनीवरून एका दमात डोक्यावर, ११० किलो. क्लीन अँड जर्क, म्हणजे आधी खांद्यांवर आणि मग डोक्यावर, १३०. एकूण २४०. क्लीन अँड जर्कच्या तिसऱ्या प्रयत्नाला १३७.५ किलो लावले होते. ते झाले असते तर सुवर्ण होतं. ते गेले. मीराबाई चानूचं तर रिओत २०१६ साली क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न वाया गेले, एकूण आकडाच लागला नाही. पाच वर्षांनी टोकियोत ८७ आणि ११५ मिळून २०२ किलो आणि रौप्य. त्या रौप्याच्या दिवशीही दोन्ही प्रकारांतला तिसरा प्रयत्न, ८९चा आणि ११७चा, तिला साधला नव्हता. प्रत्येकीला एकूण सहा प्रयत्न असतात, तीन-तीन. प्रत्येक प्रकारातला सगळ्यात चांगला धरतात. पडलेल्याचं वजा काही होत नाही. हा नियम ऐकला तेव्हा मी सरांना दोनदा विचारलं, काहीच नाही? पाडायचा नियम मात्र आहे: पंचांचा इशारा झाला तरी बार खांद्याखाली येईपर्यंत हात सोडायचा नाही.

मीराबाईचा तो टोकियोचा व्हिडिओ मी एका संध्याकाळी आईंना दाखवला. त्यांनी मोबाइल लांब धरून पाहिला. म्हटलं, आता म्हणतील, एवढीशी पोर. तर म्हणाल्या, ‘हंडाच उचलतेय की.’

मला कळेना. मग त्यांनी पलंगावर बसल्या-बसल्या करून दाखवलं. दिंडोरी तालुक्यातलं त्यांचं गाव, विहीर लांब. भरला हंडा हाताने उचलायचा नसतोच. पाय फाकवून खाली बसायचं, काठ धरायचा, अंगालगत ओढायचा. ‘आधी मांडीवर घ्यायचा. दम धरायचा. मंग मांडीनंच वर द्यायचा. हात नुसते दोरासारखे.’ सर मला आठ महिने हेच सांगत होते, अगदी दोरासकट. मी म्हटलं, मग डोक्यावर? ‘डोक्यावर चुंबळ असते की. आणि कुणीतरी उचलून द्यायला असतं. एकटी असली तर देव.’

मग त्यांनी माळ्याकडे बोट केलं. माळ्यावर तांब्याचा एक हंडा आहे, एका बाजूला मोठा पोचा असलेला. दिवाळीला मी तो घासते, पण पोच्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. हंडा नाशकातल्या तांबट आळीतून त्यांच्या लग्नात घेतलेला. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात विहिरीच्या पायरीवर पाय घसरला आणि हंडा पडला. त्या सतरा वर्षांच्या. तांबट गावात यायचा, पोचा काढून दिला असता दोन-चार आण्यांत. त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, नको. असू दे. दिसत राहील.

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काय, दिसत राहिला.’ असं म्हणून त्यांनी मोबाइल परत दिला.

मुंबई-आग्रा रस्त्याने पिंपळगावकडे गेलं की टोमॅटोच्या हंगामात पिकअपमध्ये क्रेट चढवणाऱ्या बायका दिसतात. एक क्रेट २० किलोचा. खालचीने कमरेपर्यंत आणायचा, मांडीचा झटका द्यायचा, वरचीने ओढून घ्यायचा, पुन्हा खाली. मला आता त्यांच्या पाठीच्या रेषा दिसतात. कुणाची सरळ आहे, कुणाची उद्या दुखणार आहे. मी आठवड्यातून चार दिवस तासभर उचलते, बूट वेगळे, हाताला खडू, वर बदाम खाते. त्या दिवसभर उचलतात आणि त्याला कुणी काही नाव ठेवलेलं नाही. एखादीच्या हातून क्रेट सुटला तर खाली रबर नसतं, मुकादम असतो. मी गाडीतून त्यांच्याकडे बघते आणि मला माझ्या बुटांची जरा लाज वाटते. जरा वेळच वाटते, हेही खरं.

आईंना आता मी उचलू शकते. बसल्या जागेवरून, खालच्या खुर्चीवरून, एकदा गच्चीच्या जिन्यात पाय आखडला तेव्हा दहा पायऱ्या. बारपेक्षा माणूस फार अवघड. त्याला मध्ये धरायला जागा नसते, ते हलतं, आणि ‘सावकाश, पाडशील’ असं म्हणत राहतं. तिथे सरांचा धडा काही कामाचा नाही. तिथे माझं जुनंच शिक्षण उपयोगी पडतं, गुडघ्याने झेलायचं.

गेल्या दसऱ्याला सरांनी सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रांची पूजा करतात, तशी तिथे बारची करतात. दोन्ही बार धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून ठेवले होते. चाकांवर आपट्याची पानं. आईंना मी रिक्षाने घेऊन गेले. त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली, तसबिरीखाली, सगळ्यांत चांगल्या जागी. पूजा झाली, पेढे वाटले आणि मग पोरांनी माळा उतरवून बार मांडले. दसऱ्याला प्रत्येकाने आपलं आजवरचं सगळ्यांत जास्त वजन लावून बघायचं, असा तिथला रिवाज. माझं क्लीन अँड जर्क तेव्हा ४५ होतं. मी ४७ लावले.

क्लीन चांगला झाला. बार गळ्याशी बसला, मी उभी राहिले. दहावीतली ती मुलगी आता बारावीत आहे, ती ओरडत होती, ‘काकू, कोपरं वर!’ श्वास घेतला, गुडघे वाकवले, ढकलला. डोक्यावर गेला, पण डावा हात सरळ होईना. बार पुढे कलला. मी लोटला आणि मागे सरले.

पत्रा थरथरला. बारला चिकटलेल्या झेंडूच्या पाकळ्या उडाल्या. मी आईंकडे पाहिलं. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. बार गडगडत त्यांच्या पायांपासून चार-पाच फुटांवर येऊन थांबला. त्या थोड्या वाकल्या, चष्मा सारखा केला आणि चाकं निरखून पाहिली. आधी हे, मग ते.

‘पोचा नाही आला,’ त्या सरांना म्हणाल्या.

‘नाही येत आजी. रबर आहे.’

‘फळीला?’

‘नाही.’

‘मग लावू द्या तिला अजून एकदा.’

लावलं. तेही पडलं. या वेळी क्लीनमध्येच.

परत येताना त्रिमूर्ती चौकात रिक्षा अडकली. झेंडूचे ढीग, माणसं, हॉर्न. आई मांडीवर आपट्याची पानं घेऊन बसल्या होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘ती रबरी चाकं केवढ्याला पडतात गं?’